बीबीचा मकबरा : सहलीस जाण्यापूर्वीचा एक पाठ

नांदेड-लातूरकडील शाळांच्या सहली बहुधा ठरलेल्या वाटेनेच जातात. वेरूळची लेणी पाहावी, दौलताबादचा किल्ला चढावा, आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी बीबीच्या मकबऱ्यापुढे उभे राहून सर्वांचे एक छायाचित्र काढून घ्यावे, असा तो क्रम आहे. परत आल्यावर विद्यार्थ्यांस वेरूळविषयी लिहावयास सांगितले, तर ते आनंदाने दोन पाने भरतात. मकबऱ्याविषयी विचारले, तर मात्र उत्तर एका ओळीचे मिळते : "ती ताजमहालाची नक्कल आहे."

हे उत्तर आम्ही पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहो. खरे सांगावयाचे तर, विद्यार्थिदशेत आम्हीही हेच उत्तर देत होतो, आणि त्यावर आम्हांस कोणी हटकले नव्हते. परंतु एखाद्या वस्तूस नक्कल म्हटले की तिच्याकडे पाहण्याचे आपण थांबवितो. डोळ्यांनी पाहण्याच्या आधीच कानांनी ऐकलेला निकाल आपण मान्य केलेला असतो. मकबरा ही मराठवाड्याच्या भूमीवर उभी असलेली मोगल शिल्पकलेची सर्वांत मोठी कृती होय. तिचा निकाल न पाहताच लावावा, हे अभ्यासू विद्यार्थ्यास शोभणारे नाही. म्हणून पुढील सहलीपूर्वी हा पाठ मुलांनी वाचावा, आणि शक्य तर पालकांनीही त्यांच्यासमवेत वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

कबर कोणाची?

मकबरा म्हणजे कबरीवर बांधलेली इमारत. ही कबर दिलरास बानू बेगम हिची आहे. इराणच्या सफवी राजघराण्याची एक शाखा हिंदुस्थानात येऊन मोगलांच्या पदरी राहिली होती. त्या शाखेतील शाहनवाज खान याची ती कन्या. १६३७ मध्ये आग्र्यास शाहजादा औरंगजेब याच्याशी तिचा विवाह झाला. त्या वेळी औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होता. आदल्याच वर्षी, १६३६ मध्ये, निजामशाहीचा शेवट होऊन आपल्या लातूर जिल्ह्यातील उदगीर व औसा हे दोन्ही किल्ले मोगलांनी घेतले होते. नांदेड जिल्ह्यातील कंधार तर १६३१ मध्येच त्यांच्या हाती गेला होता. म्हणजे ज्या काळात आपल्या या प्रदेशावर मोगली अंमल बसला, त्याच काळात दिलरास बानू या घराण्याची सून झाली.

मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी गावास औरंगजेबाने १६५३ मध्ये आपले नाव दिले व ते औरंगाबाद झाले. आज त्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात. याच नगरात ११ सप्टेंबर १६५७ रोजी दिलरास बानूस अकबर नावाचा पुत्र झाला. हे तिचे पाचवे अपत्य. त्या बाळंतपणातून ती उठली नाही. ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, मूल एक महिन्याचेही झाले नसता, ती निवर्तली. तिचे वय सुमारे पस्तीस वर्षांचे होते. मृत्यूनंतर तिला 'राबिया-उद्-दौरानी' ही पदवी देण्यात आली. राबिया ही बसरा येथील एक थोर साध्वी; 'आपल्या युगातील राबिया' असा त्या पदवीचा अर्थ होतो.

येथे क्षणभर थांबून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताजमहाल जिच्यासाठी बांधला गेला ती मुमताज महल म्हणजे औरंगजेबाची आई. तीही १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपूर येथे बाळंतपणातच वारली. त्या वेळी औरंगजेब बारा वर्षांचा होता. सासू आणि सून, दोघींचाही अंत एकाच प्रकारे झाला. राजवाड्यात हकीम होते, दासी होत्या, धनास तोटा नव्हता. तरी त्या काळी बाळंतिणीस वाचविण्याचे सामर्थ्य त्यांपैकी कशातही नव्हते. जगातील सर्वांत प्रसिद्ध अशी कबर आणि आपल्या मराठवाड्यातील ही कबर, दोन्ही मुळात बाळंतपणात गेलेल्या मातांच्या आहेत. संगमरवराची शोभा पाहताना हे विसरू नये.

कोणी बांधला, केव्हा बांधला?

पुष्कळ पुस्तकांत 'हा मकबरा शाहजादा आझम याने आईच्या स्मरणार्थ बांधला' असे वाक्य आढळते. काही ठिकाणी बांधकामाचा काळ '१६५१ ते १६६१' असाही छापलेला असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने छापलेले वाक्य पाठ करण्यापूर्वी ते तपासावे, याचा हा चांगला धडा आहे. दिलरास बानू १६५७ मध्ये वारली. मग तिच्या कबरीचे काम १६५१ मध्ये कसे सुरू होईल? आझमचा जन्म १६५३ चा. इमारत १६६०-६१ च्या सुमारास उभी राहिली, असे अभ्यासक मानतात. त्या वेळी आझम सात-आठ वर्षांचा बालक होता. सात वर्षांच्या मुलाने एवढी इमारत उभी केली, हे संभवत नाही. तेव्हा मकबरा औरंगजेबाच्याच आज्ञेने बांधला गेला, आणि पुढे मोठेपणी आझमने त्याची देखभाल व दुरुस्ती केली असावी, हे मत अधिक ग्राह्य ठरते. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, की मोठमोठ्या वाक्यांची परीक्षा होते ती अशी.

बांधणाऱ्या कारागिरांची नावे मात्र अंदाजाने सांगावी लागत नाहीत. मुख्य प्रवेशद्वाराच्या दरवाजावर पितळेचे पत्रे मढविलेले आहेत. त्यांवरील लेखात शिल्पकार अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपतराय अशी दोन नावे कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाचा शिल्पकार मानला जातो त्या उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र. बादशाहांची नावे इतिहासात राहतातच. पण आखणी करणारा आणि ती प्रत्यक्षात उतरविणारा अशा दोघांची नावे एकत्र दरवाजावर राहावीत, ही गोष्ट विरळा होय. आमच्या विद्यार्थ्यांनी आत शिरण्याच्या घाईत हा दरवाजा मागे टाकू नये.

खर्चाचा आकडाही एका फारसी तवारिखेत नोंदलेला आहे : सहा लक्ष अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये, सात आणे. याच इमारतीच्या कामी संगमरवर वाहून नेणाऱ्या गाड्या तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने वाटेत पाहिल्या. त्या तीनशेहून अधिक होत्या, आणि त्यांतील लहानांत लहान गाडीस बारा बैल जुंपलेले होते, असे तो सांगतो. आता थोडे गणित करा. तीनशे गाड्यांस निदान ३,६०० बैल लागले. हा दगड राजस्थानातील खाणींतून आला असे मानतात. मकराण्याची प्रसिद्ध खाण येथून सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर दूर आहे. ओझ्याची गाडी दिवसास पंधरा किलोमीटर चालते असे धरले, तर वाटेतील नद्या, घाट आणि वळणे मोजली नाहीत तरी त्रेपन्न दिवस लागतील. ज्यांनी शेतात बैल हाकले आहेत, त्या आमच्या खेड्यातील मुलांस या आकड्यांचा अर्थ अधिक सांगावयास नको.

बाग

मकबरा खाम नदीच्या तीरानजीक, बेगमपुऱ्याच्या बाजूस, डोंगरांच्या पायथ्याकडील सपाटीवर आहे. त्याभोवती उंच तटबंदी असून आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर व पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. गुणाकार केल्यास हे क्षेत्र एकतीस एकरांच्या आसपास भरते. मुख्य द्वार दक्षिणेस आहे.

आतील बागेस 'चारबाग' म्हणतात. मोठ्या चौकोनी बागेचे परस्परांस छेदणाऱ्या वाटांनी व पाटांनी चार भाग करावयाचे, ही पद्धत इराणातून मध्य आशियात आणि तेथून बाबराबरोबर हिंदुस्थानात आली. कोरड्या प्रदेशातून आलेल्या त्या लोकांस वाहते पाणी व सावली यांहून मोठे सुख ठाऊक नव्हते. स्वर्गाची कल्पनाही त्यांनी बागेच्याच रूपाने केली होती. म्हणून मृताची कबर बागेत ठेवावयाची. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा, जो १५६५ ते १५७२ या काळात बांधला गेला, तो या पद्धतीचा हिंदुस्थानातील पहिला भव्य नमुना होय. मराठवाड्यातल्या मनुष्यास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. वैशाखात विहिरीच्या काठी, आंब्याच्या सावलीत बसून ज्याने पाटाचे पाणी वाहताना पाहिले आहे, त्यास चारबागेचा अर्थ आपोआप कळेल.

दरवाजातून मकबऱ्यापर्यंत जी रुंद वाट जाते, तिच्या मधोमध लांबट हौद असून त्यात एकसष्ट कारंज्यांची रांग आहे. त्या काळी विजेचे पंप नव्हते. मग कारंजी उडत कशी? पाणी उंचावरील टाकीत साठवावयाचे आणि नळाने खाली आणावयाचे. टाकी जितकी उंच, तितका खालच्या तोटीतून येणारा पाण्याचा जोर अधिक. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात द्रवाच्या दाबाचे जे प्रकरण आपण वाचतो, त्याच नियमावर मोगलांच्या बागांतील कारंजी चालत.

इमारत

बागेच्या मध्यभागी उंच चौकोनी चौथरा आहे. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार असून प्रत्येकाची उंची ७२ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर, सांगतात. चौथऱ्यावर मधोमध मुख्य इमारत असून तिच्यावर मोठा घुमट व चार बाजूंस लहान मनोरे आहेत. पश्चिमेकडे एक मशीद आहे; ती मूळच्या आखणीतील नसून निजामाच्या अमदानीत नंतर बांधलेली आहे. त्यामुळे मूळ इमारतीचा चारी बाजूंचा समतोल काहीसा ढळला आहे. उभे राहून पाहणाऱ्यास हे सहज दिसून येते.

आत गेल्यावर जमिनीच्या मध्यभागी एक अष्टकोनी मोकळी जागा आहे, आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा कठडा आहे. त्यावरून खाली वाकून पाहिले, की खालच्या दालनात, दुसऱ्या अष्टकोनी जाळीच्या आत, बेगमेची कबर दिसते. येथे ताजमहालाशी असलेला एक मोठा भेद आहे. ताजमध्ये वरच्या दालनात जी कबर दिसते ती केवळ देखाव्याची असून खरी कबर तिच्याखाली तळघरात दृष्टीआड आहे. मकबऱ्यात देखाव्याची कबर मुळीच नाही. पाहणाऱ्याची दृष्टी सरळ खऱ्या कबरीवरच जाते, आणि ती पाहण्यासाठी त्यास मान खाली घालावी लागते. ही कल्पना ताजमहालातून घेतलेली नाही.

भिंतीचे तीन भाग

आता ज्या गोष्टीमुळे मकबऱ्यास 'गरिबाचा ताज' म्हणून हिणविले जाते, तिच्याकडे वळू. ताजचा देह सर्वत्र संगमरवराने मढविलेला आहे. मकबऱ्यात तसे नाही. भिंतीचा खालचा पट्टा संगमरवरी आहे. त्याच्यावर घुमटाच्या पायथ्यापर्यंतची भिंत काळ्या पाषाणाची असून तिला बारीक चुन्याचा गिलावा केलेला आहे. तो घासून गुळगुळीत केलेला आहे आणि त्यातच उठावाची वेलबुट्टी काढलेली आहे. घुमट पुन्हा संगमरवराचा आहे. दुरून तिन्ही भाग पांढरे दिसतात. जवळ गेल्यावर भेद कळतो.

हा काळा पाषाण म्हणजे आपल्या परिचयाचाच बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. सारा लातूर जिल्हा त्याच थरांवर वसलेला आहे, आणि पूर्वेकडील ग्रॅनाइटचा भाग सोडल्यास नांदेड जिल्ह्याचीही तीच गोष्ट आहे. आपल्या शेतातील काळी माती याच दगडाची झीज होऊन बनली. आपल्या जुन्या वाड्यांचे चिरे, विहिरींच्या पायऱ्या, घरातले जाते आणि पाटा-वरवंटा, सारे याच दगडाचे. मकबऱ्याच्या पांढऱ्या वस्त्राखाली जो देह आहे, तो आपल्याच भूमीचा आहे.

आणि गिलावा? तो केवळ पैसे वाचविण्याची युक्ती होता काय? खर्चाचा विचार त्यात निःसंशय होता. परंतु चुन्यातील नक्षीकाम ही दख्खनची जुनी आणि मानाची कला होती, हेही सांगितले पाहिजे. १५९१ मध्ये बांधलेला हैदराबादचा चारमिनार किंवा गोवळकोंड्यातील कुतुबशाही सुलतानांच्या कबरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस तेथील गिलाव्यातील फुले व पाने आठवत असतील. उत्तरेकडील गवंडी संगमरवरात कोरीत, दख्खनचे गवंडी चुन्यात कोरीत. औरंगाबादेस या दोन परंपरा एकाच भिंतीवर भेटल्या.

रसायनशास्त्राचा विद्यार्थी तर याहून पुढे जाऊ शकेल. चुनखडी भट्टीत भाजली, की तिच्यातील कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवितात; वाळू इत्यादी घालून घाणीत मळतात; मग भिंतीवर चढवितात. भिंतीवर गेल्यावर हा चुना हवेतील तोच वायू हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि वर्षानुवर्षे कठीण होत जातो. शेवटी तो ज्या पदार्थाचा बनतो तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि संगमरवर? तोही कॅल्शियम कार्बोनेटच. भूगर्भातील उष्णता व दाब यांनी स्फटिकरूप झालेली चुनखडीच ती. एकाचे रूप भूगर्भाने बदलले, दुसऱ्याचे भट्टीने आणि गवंड्याच्या हाताने. तेव्हा खालचा संगमरवर खरा आणि वरचा गिलावा खोटा, असे म्हणणे शास्त्रास धरून होत नाही. दोघे एकाच कुळातील भाऊ आहेत.

मग नक्कल आहे की नाही?

मकबरा ताजसारखा दिसतो, हे आम्ही नाकारीत नाही. आराखड्यातील साम्य उघड आहे. त्यातील उणेही आम्ही लपवीत नाही. ताजचे मिनार चाळीस मीटरांहून उंच असूनही मुख्य इमारतीपासून अंतर राखून उभे आहेत. म्हणून मधला घुमट मोकळा श्वास घेतो. मकबऱ्याचे मिनार इमारतीच्या मानाने थोराड आणि जवळ आहेत. त्यामुळे मधल्या इमारतीस दाटी झाल्यासारखी वाटते. रुंदीपेक्षा उंचीच डोळ्यांत भरते. जाणते टीकाकार हा दोष दाखवितात, आणि तो दोष खराच आहे.

परंतु ताजमहाल तरी आकाशातून पडला काय? त्याच्या आधी हुमायूनचा मकबरा होता. उंच चौथरा, मोठा घुमट आणि चारबाग ही तेथूनच पुढे आली. संगमरवराने मढविलेली कबरही आग्र्यास ताजच्या आधी होती, ती इतमादुद्दौल्याची. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीपासून घेतले आणि आपल्या परीने त्यात भर घातली किंवा बदल केला. बीबीच्या मकबऱ्याने ताजपासून मिनार घेतले. पण इमारत नदीकाठच्या टोकास न ठेवता हुमायूनच्या मकबऱ्याप्रमाणे बागेच्या मध्यभागी आणली, कबर दृष्टीसमोर ठेवली आणि भिंतीस दख्खनचा दगड व दख्खनचा चुना वापरला. पित्याच्या अक्षरासारखे अक्षर मुलाने काढले, तर त्यास आपण चोरी म्हणत नाही. घराण्याचे वळण म्हणतो. अताउल्लाच्या बाबतीत तर ही गोष्ट शब्दशः खरी आहे.

आम्ही हे इतक्या आग्रहाने सांगतो याचे आणखी एक कारण आहे. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या आमच्या मुलांस आपल्याकडचे सारे दुय्यम आणि दुसरीकडचे सारे अस्सल, असे ऐकण्याची सवय झालेली असते. ऐकता ऐकता तीही तसेच मानू लागतात. ज्याने आपल्या जिल्ह्यातील दगड ओळखला, त्यावरील कारागिरी ओळखली आणि तिचे गुण व दोष दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी निवडले, तो विद्यार्थी पुढे आग्र्यास गेला म्हणजे ताजमहालही अधिक चांगला पाहील.

पुढे काय झाले?

ज्या अकबराच्या जन्मानंतर दिलरास बानूने प्राण सोडले, त्याने पुढे १६८१ मध्ये पित्याविरुद्ध बंड केले आणि छत्रपती संभाजी महाराजांचा आश्रय घेतला. १६८७ मध्ये तो समुद्रमार्गे इराणास निघून गेला आणि १७०६ मध्ये तेथेच वारला. ज्या देशातून आईचे पूर्वज आले होते, त्याच देशात मुलाचा अंत झाला. दुसरा पुत्र आझम १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत सावत्र भाऊ मुअज्जम याच्या सैन्याशी लढताना पडला. हाच मुअज्जम बहादूरशहा नावाने तख्तावर बसून दक्षिणेत उतरला, आणि त्याच सुमारास, १७०८ मध्ये, श्रीगुरू गोविंदसिंगजी नांदेडास आले. नांदेडच्या मुलांस सचखंड हुजूर साहिबचा पांढरा संगमरवर रोज दिसतो. त्या इतिहासाचा एक धागा अशा रीतीने मकबऱ्यातील मातेपर्यंत जाऊन पोहोचतो.

स्वतः औरंगजेब १७०७ मध्ये वारला. त्याची कबर खुलदाबादेस, उघड्या आकाशाखाली, मातीची आहे. तिच्याभोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, निजामाच्या काळातील. वेरूळच्या वाटेवर असलेली ती कबर आणि हा मकबरा, ही दोन्ही एकाच दिवशी पाहिली, तर शिक्षकांनी न सांगताही मुले पुष्कळ विचार करतील.

पाहावयास जाणाऱ्यांसाठी

सहलीस जाताना पुढील कामे मनात ठेवावी. प्रथम दरवाजावरील पितळी पत्र्याजवळ थांबून त्यावरील वेलपत्ती व लेख पाहावा. मग हौदाच्या टोकाशी उभे राहून मिनार व घुमट यांचे प्रमाण डोळ्यांनी मोजावे, आणि जमल्यास वहीत साधे रेखाचित्र काढावे. छायाचित्रापेक्षा रेखाचित्र अधिक शिकविते. जवळ गेल्यावर संगमरवर कोठे संपतो व गिलावा कोठे सुरू होतो, ती रेषा शोधावी. आत कठड्यावरून खाली पाहताना आवाज बंद ठेवावा. तेथे कोणाची तरी आई निजलेली आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुन्या इमारतींच्या भिंतींवर खिळ्याने वा किल्लीने कोरलेली नावे आपण सर्वत्र पाहतो. बदाम व बाण काढलेले पाहतो. गिलाव्याचा वरचा थर हा कवचासारखा असतो. त्यावर एक ओरखडा पडला, की पावसाचे पाणी आत शिरते, थर सुटू लागतो, आणि साडेतीनशे वर्षांची नक्षी पापुद्र्यासारखी गळून पडते. ही इमारत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तेथे नाव कोरणे हा कायद्याने गुन्हा आहे. परंतु पहारेकऱ्याच्या धाकाने जपलेली वस्तू तो पाठमोरा होईपर्यंतच जपली जाते. पालकांस आमची नम्र विनंती आहे की, मुलांबरोबर गेल्यास हा धडा त्यांनी आपल्या आचरणाने घालून द्यावा.

त्या दरवाजावर नाव राहण्याचा अधिकार अताउल्ला आणि हंसपतराय या दोघांनी आपल्या कामाने मिळविला. आमच्या विद्यार्थ्यांनी मकबऱ्यावर नाव ठेवून येऊ नये. तो नीट पाहून घेऊन यावे. परत आल्यावर कोणी विचारलेच, "मकबरा कसा आहे?" तर पहिले वाक्य 'ताजमहाल' या शब्दाने सुरू होऊ नये, एवढे झाले तरी हा पाठ सार्थकी लागला असे आम्ही समजू.